मॅ थाओचा पहाटेचा भात

ह्यूस्टनहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची आई नगरची, नातवंडांसाठी म्हणून सहा महिने येऊन राहते. ताई लिहितात, "आई पहाटे पाचला उठते. कणीक मळून ठेवते, मुलांचे डबे भरते, कपड्यांच्या घड्या घालते. मी म्हणते, आई, जन्मभर राबलीस, आता तरी बस. तर तिचा चेहराच पडतो. या खेपेला मी मुद्दाम डबा लावला, घरकामाला बाई लावली आणि आईला सांगितलं, तू फक्त आराम कर. तेव्हापासून ती सोफ्यावर बसून असते. जेवण निम्म्यावर आलंय. विचारलं तर 'मला काय धाड भरलीये' म्हणते. तिला नैराश्य आलंय का? की माझंच काही चुकलं?"

ताई, दोन्ही असू शकतं, आणि एकाच वेळी असू शकतं. मी गेली तेरा वर्षं मिनेसोटात समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतोच. विचारणारे कधी मराठी असतात, कधी तेलुगू, कधी सोमाली. त्याचं उत्तर मला ज्या बाईंकडून कळलं त्या लाओसच्या होत्या. निर्वासित म्हणून अमेरिकेत आल्या आणि इथेच म्हाताऱ्या झाल्या. त्यांचीच गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लाओ भाषेत आईच्या आईला मॅ थाओ म्हणतात. आमच्या दुभाषी ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नावाने हाक मारू नका, मॅ थाओ म्हणा. म्हणून इथेही तेच म्हणते.

२०१९ च्या फेब्रुवारीत लेक त्यांना घेऊन आली. बाहेर उणे वीस तापमान. जाड कोटाच्या खाली मॅ थाओंनी सिन नेसली होती. सिन म्हणजे लाओ बायकांचं हातमागाचं नेसण, खाली रुंद काठ असलेलं. वय त्र्याहत्तर, बांधा बारीक, हात मात्र अंगाच्या मानाने मोठे. खुर्चीत बसल्या त्या अगदी कडेवर, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशा.

लेकीने फोनमध्ये यादीच करून आणली होती. आई पहाटे चारला उठून भात शिजवायला लागते. दोनदा भांडं करपलं, धुराचा भोंगा वाजला, सगळं घर उठलं. भाताच्या गोळ्या खिडकीत कागदावर पसरून ठेवते. कोटांच्या कपाटात तांदळाची पोती लपवते, पाच सापडली. मधुमेह असून चिकट भात सोडत नाही. शेवटी लेकीने गॅसची बटणं काढून घेतली, विजेवरचा कुकर आणला आणि सांगितलं, आई, आता तू काही करायचं नाही. तिथून चार महिन्यांत मॅ थाओंचं वजन नऊ पौंडांनी उतरलं. देवळात, म्हणजे लाओ लोकांच्या बौद्ध विहारात, जाणं बंद झालं. रात्री झोप नाही. नातीला एकदा म्हणाल्या, "मी आता तुमच्या बोटीतलं जादा वजन."

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचा संशय घेतला होता. स्मरणशक्तीची चाचणी झाली होती आणि गुण कमी आले होते. मी विचारलं, चाचणी कुठल्या भाषेत झाली? तेव्हा कळलं की सतरा वर्षांची नात मधे बसून भाषांतर करत होती. तिची लाओ जेवणाखाण्यापुरती. आजीला उत्तर येत नव्हतं तेव्हा ती ओशाळून स्वतःच काहीतरी सांगत होती, आणि आजीला नातीसमोर चुकायची लाज वाटत होती. इथल्या नियमांप्रमाणे दवाखान्याने अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरायचं नसतं, निकडीची वेळ सोडून. तरी घाईगर्दीत हे होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्या घरांतही इंग्रजी येणाऱ्या नातवाला आजीच्या तपासणीत पुढे करतात. आजी नातवासमोर पोट साफ होत नाही हेसुद्धा नीट सांगत नाही, मरावंसं वाटतं हे कुठून सांगणार?

प्रशिक्षित दुभाषी घेऊन पुन्हा चाचणी झाली आणि त्याआधी कानांची तपासणी. मॅ थाओंना उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. धुराच्या भोंग्याआधी भांड्यातलं पाणी आटल्याचा जो आवाज येतो तो त्यांना कळतच नसे. स्मरणशक्ती वयाच्या मानाने चांगली निघाली. नैराश्य मात्र होतं, चांगलंच खोल. वृद्धांसाठी पंधरा प्रश्नांची एक चाचणी असते, तिच्यात ते स्पष्ट दिसलं. मरणाबद्दल मी सरळच विचारलं, आडवळण न घेता. आपण विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही. त्या म्हणाल्या, "मुद्दाम मरणार नाही. त्याने नातवंडांच्या वाट्याला पाप येतं. पण सकाळी जाग आली नाही तर बरं."

आता माझं जे चुकलं ते.

लाओसबद्दल मला पुस्तकी माहिती होती. थायलंड आणि व्हिएतनामच्या मधे अडकलेला, समुद्र नसलेला देश. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने त्यावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, तेही स्वतःच्या जनतेला नीट न सांगता. न फुटलेले छोटे बॉम्ब अजून शेतांत सापडतात आणि माणसं मरतात. डिसेंबर १९७५ मध्ये राजेशाही गेली, साम्यवादी राजवट आली. जुन्या सैन्यातल्या माणसांना 'सम्मना'ला, म्हणजे चर्चासत्राला, म्हणून नेलं. काही आठवड्यांत परत येतील असं सांगितलं. ती शिबिरं होती. काही जण दहा-दहा वर्षांनी आले, काही आलेच नाहीत. त्यानंतरच्या वर्षांत देशातल्या दर दहांमागे साधारण एक माणूस बाहेर पडला. बहुतेक जण रात्री मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेले.

कागदपत्रांत होतं की मॅ थाओंनी १९७९ मध्ये तीन मुलांना घेऊन नदी ओलांडली. ते वाचून मी ठरवूनच टाकलं की दुखणं नदीत आहे. दुसऱ्याच भेटीत विचारलं, त्या रात्री काय झालं, सांगाल का? त्यांनी हाताकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "बो पेन यांग." म्हणजे काही नाही, असू दे. पुढच्या दोन्ही भेटींना त्या आल्याच नाहीत. गुडघे दुखतात असा निरोप आला.

आमच्या दुभाषी ताई स्वतः छावणीत वाढलेल्या. त्या मला म्हणाल्या, "दार उघडं होतं, आणि तुम्ही भिंत फोडायला निघालात." मी विचारलं, दार कुठलं? म्हणाल्या, "ती पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं भाताबद्दल बोलली. तुम्ही टिपून घेतलं का?" मी टिपलं होतं एवढंच, की अन्नसाठा करण्याची सवय, उपासमारीचा पूर्वेतिहास असावा.

याच ताईंनी मला 'चाइ' हा शब्द शिकवला. चाइ म्हणजे मन, काळीज. लाओत समजणं म्हणजे 'खाओ चाइ', मनात शिरणं. दचकणं म्हणजे 'तोक चाइ', मन खाली पडणं. दुःखी होणं म्हणजे 'सिआ चाइ', मन गमावणं. आणि दानत, दुसऱ्यासाठी झिजण्याची वृत्ती, तिला 'नाम चाइ' म्हणतात, शब्दशः मनाचं पाणी. आपल्याकडे काळजाचं पाणी होतं ते भीतीने. त्यांच्याकडे मनाचं पाणी म्हणजे माया. नैराश्याला नेमका शब्द मी विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, मॅ थाओ तसं काही म्हणणार नाहीत. त्या म्हणतील 'खित लाई', विचार फार येतात. माझी आजी हेच म्हणायची, "डोक्यात विचार फार येत्यात गं." मला हे आधी आठवायला हवं होतं.

पाचवी भेट मी त्यांच्या घरी घेतली. निरोप पाठवला की मला चिकट भात करायला शिकायचाय. एप्रिल होता, अंगणात बर्फाचे काळे ढीग उरलेले. मॅ थाओंनी तांदूळ रात्रीच भिजत घातले होते. चिकट तांदूळ आपल्या तांदळासारखा पाण्यात शिजवत नाहीत, रात्रभर भिजवून वाफवतात. शेगडीवर अरुंद गळ्याचं ॲल्युमिनियमचं भांडं, त्यावर बांबूची निमुळती टोपली. सगळं मांडून झालं आणि मॅ थाओ शेगडीसमोर उभ्या राहिल्या. बटणं नव्हती. लेक उठली, पर्स उघडली, चाव्या आणि पावत्यांच्या खालून चार काळी बटणं काढली आणि त्यांतलं एक बसवलं. ती बटणं कामावर जाताना ती रोज पर्समध्ये घेऊन जात असे. त्या क्षणी कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

वाफ वर आली तसा बांबूचा ओला वास सुटला. अर्ध्यात मॅ थाओंनी टोपली दोन्ही हातांत धरून एक झटका दिला आणि आतला भात सबंध ढेकळासारखा पालथा झाला, वरचा खाली, खालचा वर. मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा निम्मा भात बाहेर. त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मग लाकडी पाटावर भात उपसून त्या पातळ कालथ्याने तो पसरू आणि दुमडू लागल्या. वाफ मोडली नाही तर भात टोपलीत घामेजतो, म्हणाल्या. मी विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

तेव्हा त्या बोलल्या. हात भातात होता, नजर भातावर होती.

त्या चार बहिणींतल्या धाकट्या. मैदानी लाओ लोकांत रीत अशी की लग्न झालं की जावई सासरी राहायला येतो. मोठ्या मुली हळूहळू वेगळ्या होतात, आणि धाकटी लेक आईवडिलांपाशी राहते. घर तिचं, म्हातारपणची सेवाही तिची. आपल्याकडे लेकीच्या घरी पाणीसुद्धा न पिणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हे मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. मॅ थाओ नवऱ्यासह आईकडेच राहत. नवरा सैन्यात. १९७५ च्या अखेरीस त्याला सम्मनाला नेलं, तेव्हा धाकटी, म्हणजे आता पर्समध्ये बटणं ठेवणारी लेक, काही महिन्यांची होती. त्यानंतर त्याची चिठ्ठी नाही, निरोप नाही. तीन वर्षं वाट पाहिली. मोठ्या मुलावर वस्तीतले लोक डोळा ठेवायला लागले तेव्हा आईच म्हणाली, तू जा.

उन्हाळ्यात मेकाँगचं पात्र आटतं, वाळूची बेटं उघडी पडतात. त्या दिवशी आई पहाटे चारला उठली आणि भात वाफवला. टोपलीत भरला. लाओ बायका शिजलेला भात झाकणाच्या विणलेल्या टोपलीत ठेवतात, तिला थिप खाओ म्हणतात, आणि ती शेतावर, प्रवासाला, सगळीकडे बरोबर असते. संध्याकाळी निघताना आईने ती मॅ थाओंच्या गळ्यात अडकवली. आई आली नाही. घर कोण बघणार, आणि जावई परत आला तर दार कोण उघडणार, म्हणाली. नदीत धाकटी रडायला लागली तेव्हा मॅ थाओंनी भाताची गोळी करून तिच्या तोंडात घातली, मग दुसरी, मग तिसरी. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत टोपली रिकामी झाली होती.

नाँग खाइच्या छावणीत दीड वर्ष काढून १९८० च्या नोव्हेंबरात त्या अमेरिकेत उतरल्या, पायात चपला. दक्षिण मिनेसोटातल्या मांसप्रक्रियेच्या कारखान्यात पट्ट्यावर उभं राहून सुरी चालवली, बावीस वर्षं. मुलं शिकली. १९८५ मध्ये बहिणीचं पत्र आलं. आई जाऊन सात महिने झाले होते.

"धाकटी मी," मॅ थाओ म्हणाल्या. "शेवटचा भात तिने मला करून दिला. तिला मी दिला नाही."

दुभाषी ताईंचा आवाज हे सांगताना अडखळला. लेक सिंकपाशी पाठमोरी उभी होती. तिला नदी माहीत होती, छावणी माहीत होती, बापाचं माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

मग बाकीच्या गोष्टी अगदी साध्या निघाल्या. खिडकीतल्या भाताच्या गोळ्या वेड नव्हतं. उरलेला चिकट भात वाळवून तळतात, आपल्या सांडग्या-कुरडयांसारखं. पोत्यांचं म्हणाल तर पाचांतली तीन विहाराला द्यायची होती आणि नेऊन सोडायला कोणाला सांगावं हे त्यांना कळत नव्हतं. लेक दोन नोकऱ्या करते, तिला काय त्रास द्यायचा? पहाटे चारची वेळ मात्र खरीच त्या दिवसाची होती. चाळीस वर्षं त्या रोज पहाटे आईची राहिलेली सेवा करत होत्या. लेकीने ती बटणं काढली तेव्हा फक्त गॅस बंद झाला नव्हता.

लेकीला मी दोष देत नाही, आणि ह्यूस्टनच्या ताई, तुम्हालाही देणार नाही. ही लेकही धाकटीच. रीतीप्रमाणे आईची सेवा तिची. आईला बसवून ठेवणं हीच तिची सेवा होती. तिने मला एकटीने भेटून सांगितलं, "आई कारखान्यातून यायची तेव्हा तिची बोटं मिटलेलीच असायची, सरळ व्हायची नाहीत. मी आठ वर्षांची असताना ठरवलं होतं की एक दिवस हिला काही करू द्यायचं नाही." एकाच घरात दोन बायका एकमेकींचं ऋण फेडत होत्या आणि दोघींची फेड एकमेकींच्या आड येत होती. मला आत्तापर्यंत भेटलेल्या कितीतरी घरांत नेमकं हेच चाललेलं असतं. फक्त मधे भाताऐवजी पोळ्या असतात.

पुढे काय केलं ते सांगते. बटणं परत बसली. शेगडीवर ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद होणारं यंत्र बसवलं, साधंच असतं ते. कानाला श्रवणयंत्र आलं. मॅ थाओंनी ते आठवडाभर डबीत ठेवलं. मग नातीने सांगितलं की ते घातलं की भांड्यातलं पाणी ऐकू येईल, तेव्हा घातलं. मधुमेहाचा प्रश्न खरा होता, चिकट भाताने साखर भराभर चढते. आहारतज्ज्ञांनी आधीच्या पत्रकात 'पांढरा भात बंद' असं लिहून दिलं होतं. जे लोक स्वतःला चिकट भाताची लेकरं म्हणवतात त्यांना हे म्हणजे जेवूच नका असं सांगणं. आम्ही टोपली बदलली. मुठीएवढी थिप खाओ आणली, एका वेळी तेवढाच भात, बरोबर भाज्या आणि मासा जास्त. डॉक्टरांनी नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत सुरू केलं. समजूत पटली म्हणून औषध नको असं मी कधी म्हणत नाही. झोप मोडलेली आणि वजन उतरलेलं माणूस नुसत्या बोलण्याने वर येत नाही. सहा-सात आठवड्यांत झोप लागायला लागली.

नातीने शनिवारी पहाटे चारला उठायचं कबूल केलं. पहिल्या दोन शनिवारी उठलीच नाही. तिसऱ्या शनिवारी उठली आणि भात पालथा करायला शिकली.

घरच्यांनी सू ख्वन केलं. लाओ लोक मानतात की माणसात बत्तीस ख्वन असतात, प्राणांश म्हणा, आणि भीतीने, प्रवासाने, आजाराने त्यातले काही वाटेत मागे राहतात. एखादा जाणता माणूस त्यांना नदीतून, रानातून, जिथे असतील तिथून परत बोलावतो आणि मग सगळे जण त्या माणसाच्या मनगटावर पांढरा दोरा बांधतात. मॅ थाओंनी नातवंडांची सू ख्वन किती केली होती, त्यांची स्वतःची अमेरिकेत आल्यावर एकदाही झाली नव्हती. मी गेले होते. हात पुढे करून बसायची वेळ आली तेव्हा त्या तीनदा उठल्या, पाहुण्यांना पाणी दिलं का बघायला. नातीने खांद्याला धरून बसवलं. कोपरापर्यंत दोरे झाले. मीही एक बांधला.

तर ताई, तुमच्या आईचं. आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड, बी १२, हिमोग्लोबिन, साखर आणि कान हे बघून घ्या. भाषांतर मुलांकडून नको. झोप किती, वजन उतरलंय का, पूर्वी ज्यात जीव रमायचा ते सोडलंय का, फोनवर बहिणीशी बोलतात का, हे बघा. राबणं हा आजार नाही. आनंदाने राबणारी बाई थकते, पण जेवते, बोलते, रागावतेसुद्धा. ज्या बाईला काम न मिळाल्याने आपण घरात नकोसे झालो असं वाटतं तिचा आवाज आधी बारीक होतो. 'मी ओझं झाले' हे वाक्य कितीही हसत म्हटलेलं असलं तरी हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसा आणि सरळ विचारा.

आणि कणीक त्यांच्या हातात परत द्या. सगळं घर नको, गुडघ्यांना झेपेल तेवढं. डबा हवा तर चालू ठेवा, सकाळची पोळी आईची असू द्या. त्या मळत असतील तेव्हा शेजारी उभ्या राहा. "दमलीस का?" हे रोज विचारता, त्याचं उत्तर 'नाही' हेच येणार. त्याऐवजी तिला हे कोणी शिकवलं, घरात किती माणसं होती, चूल कशी होती, असं काही विचारा. लगेच काही येणार नाही. मला तर पाचव्या भेटीत मिळालं, तेही हात भातात होते म्हणून. तुमच्या आईच्या मनात नदी असेलच असं नाही. एखादी न फेडलेली गोष्ट बहुतेक असते. ती काढून घ्यायची आपल्याला गरज नाही, नुसती माहीत असली तरी घरातलं बोलणं बदलतं.

मॅ थाओंचं शेवटचं सांगायचं राहिलं. ऑगस्ट-सप्टेंबरातल्या अमावास्येला लाओ लोकांचा खाओ पदाप दिन असतो. आपल्या पितृपक्षासारखा, गेलेल्यांना जेवू घालायचा दिवस. केळीच्या पानात चिकट भात, मासा, फळाचा तुकडा, विड्याचं पान अशा पुड्या बांधतात आणि पहाटे अंधारातच विहाराच्या आवारात जमिनीवर, झाडांच्या बुंध्याशी ठेवतात, बाजूला मेणबत्ती. आदल्या वर्षी हा दिवस त्यांचा चुकला होता, नेणारं कोणी नव्हतं. बटणं निघाली त्याच सुमाराला. घरात कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

या वेळी लेकीने रजा काढली. रात्री तिघींनी पुड्या बांधल्या. केळीची पानं आशियाई दुकानातली, गोठवलेली, उलगडताना फाटत होती. मॅ थाओ आईच्या पुडीत विड्याचं पान घालत होत्या तेव्हा नातीने विचारलं, तुझ्या आईचं नाव काय होतं? त्यांनी सांगितलं. लेकीने ते जन्मात पहिल्यांदा ऐकलं, कारण ती आपल्या आजीला नुसतं मॅ थाओ म्हणायची. पहाटे चारला त्या विहारात गेल्या आणि पुडी एका मेपलच्या मुळाशी ठेवली.

नवऱ्याच्या नावाची पुडी मॅ थाओंनी याही वर्षी ठेवली नाही, असं लेकीने मला सांगितलं. त्याची काही बातमी आलेली नाही. पुढच्या भेटीत त्या माझ्यासाठी वाळवून तळलेल्या भाताच्या चकत्या घेऊन आल्या, वरून गूळ. आम्ही दोघींनी खाल्ल्या. त्या पुडीबद्दल मी विचारलं नाही.